नियम कडक झाला, पण ट्रक कधी येणार हे कोण सांगणार?

पेट पास होऊन नुकताच प्रवेश घेतलेल्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: साहित्याचा आढावा घेताना 'टीका' करा असं सांगतात, म्हणजे नेमकं काय करायचं? सारांश लिहिता येतो. 'लेखकाने अमुक बाजू दुर्लक्षित केली आहे' असं शेवटी एक वाक्य चिकटवताही येतं. पण त्याला टीका म्हणत नाहीत. ते वाक्य कुठल्याही पुस्तकाखाली चिकटवता येतं, आणि जे कुठेही चिकटतं त्याचा उपयोग शून्य.

म्हणून आज एका पुस्तकावर मी केलेली टीका पायरीपायरीने दाखवते. विषय माझ्या प्रबंधाचाच आहे: युरोपच्या एकल बाजारात शिरल्यावर एखाद्या देशाच्या अन्न तपासणी यंत्रणेचं काम कसं बदलतं? माझं उदाहरण स्वीडनचं आहे. आणि आधीच सांगते, या टीकेच्या शेवटी माझंच एक प्रकरण आडवं झालं. तेही लपवणार नाही.

आधी गोष्ट समजून घ्या

१९५३ च्या उन्हाळ्यात स्वीडनमध्ये साल्मोनेलाची भयंकर साथ आली. आल्वेस्ता या गावच्या कत्तलखान्यातलं मांस तिचं मूळ होतं. सुमारे ९,००० माणसं आजारी पडली आणि सुमारे ९० दगावली. आपल्याकडच्या आकड्यांची सवय असलेल्याला ही संख्या लहान वाटेल, पण त्या छोट्या देशाने ती विसरायची नाही असं ठरवलं. १९६१ पासून प्राण्यांमध्ये साल्मोनेला सापडला की कळवणं कायद्याने बंधनकारक झालं. पुढे कोंबड्यांचे कळप, पशुखाद्य, कत्तलखाने असं करत करत सगळी साखळीच नियंत्रणाखाली आली. तत्त्व एकच: सापडला की कारवाई, मग तो साल्मोनेलाच्या कुठल्याही प्रकारातला असो.

ही व्यवस्था सांभाळणाऱ्यांपैकी एक म्हणजे उप्साला शहरातली राष्ट्रीय अन्न संस्था, लिव्हस्मेडेल्सव्हर्केट. देशातल्या मालावर तिची नजर होतीच, आणि बाहेरून मांस आलं तर सीमेवर नमुने घेतले जात. तपासणी अधिकारी सीमेवर उभा, माल त्याच्यासमोर उभा. सोपं गणित.

१ जानेवारी १९९५ ला स्वीडन युरोपीय संघात गेला आणि हे गणित मोडलं.

एकल बाजाराचा पाया असा: सदस्य देशांमध्ये माल फिरताना सीमेवर अडवायचा नाही. १९७९ च्या 'कासिस द दिजों' खटल्यात न्यायालयाने सांगितलं होतं की एका देशात कायदेशीरपणे बनवून विकलेला माल दुसऱ्या देशाने सबळ कारणाशिवाय अडवू नये. प्राणिजन्य अन्नापुरता तपशील १९८९ च्या एका निर्देशात आला, त्याचा क्रमांक ८९/६६२. त्याचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. मुख्य तपासणी माल जिथून निघतो तिथे होईल. माल जिथे पोचतो तिथल्या यंत्रणेला फक्त अधूनमधून, भेदभाव न करता, नमुना तपासणी करता येईल.

म्हणजे डॅनिश किंवा डच मांसाची जबाबदारी मुख्यतः डॅनिश किंवा डच पशुवैद्यकाची. उप्सालातल्या अधिकाऱ्याने त्याच्या सहीवर विश्वास ठेवायचा.

स्वीडन आणि त्याच्यासोबत आलेला फिनलंड हे तेवढ्यावर राजी झाले नाहीत. प्रवेशाच्या वाटाघाटीत त्यांनी 'अतिरिक्त हमी' मिळवली. या दोन देशांकडे जाणाऱ्या ताज्या गोमांसाच्या, डुकराच्या आणि कोंबडीच्या मांसाच्या खेपांची निघण्यापूर्वीच साल्मोनेला चाचणी व्हायची, निकाल नकारात्मक यायचा आणि तसा दाखला सोबत असायचा. खाण्याच्या अंड्यांसाठीही अशीच तरतूद झाली. उष्णता देऊन प्रक्रिया होणार असलेल्या मांसाला सूट होती.

इथपर्यंत कथा विजयाची वाटते ना? मलाही वाटली होती.

आता पुस्तक

योगायोगाने त्याच वर्षी, १९९५ मध्ये, डेव्हिड व्होगेल या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाचं 'ट्रेडिंग अप' हे पुस्तक आलं. व्यापार खुला झाला की ग्राहक आणि पर्यावरण संरक्षणाचे नियम ढासळतात, सगळे देश तळाकडे धावतात, अशी तेव्हा सर्रास भीती होती. व्होगेल उलट म्हणाला. बाजार मोठा, श्रीमंत आणि नियमांबाबत आग्रही असेल, तर तिथे माल विकण्यासाठी बाहेरचे उत्पादकही तो कडक नियम पाळू लागतात, आणि हळूहळू सगळीकडची पातळी वर सरकते. कॅलिफोर्नियाच्या वाहन प्रदूषण नियमांवरून त्याने याला 'कॅलिफोर्निया परिणाम' असं नाव दिलं.

टीका करायची असेल तर पहिली अट ही: पुस्तकाची बाजू लेखकाइतकीच भक्कम करून मांडा. कमकुवत पुतळा उभा करून तो पाडण्यात काय मर्दुमकी? तर व्होगेलच्या बाजूने स्वीडनचं उदाहरण बघा. छोट्या देशाने हमी मिळवली. २००३ मध्ये युरोपीय संघाने साल्मोनेलासाठी सगळ्यांना लागू होणारा नियम केला, क्रमांक २१६०/२००३, आणि कोंबड्यांच्या कळपांतलं प्रमाण कमी करण्याची उद्दिष्टं ठरली. युरोपीय संघात नोंद झालेले साल्मोनेलाचे रुग्ण २००४ मध्ये २ लाखांहून जास्त होते, २०१४ मध्ये ९० हजारांच्या आत आले. त्यातही २००४ चा आकडा १५ देशांचा आणि २०१४ चा २८ देशांचा. देश वाढले, रुग्ण घटले. याहून चांगला पुरावा कुठला?

म्हणूनच हे पुस्तक आजही उद्धृत होतं, आणि माझ्या आढाव्यातही ते पहिल्या पानावर होतं. आता माझे तीन आक्षेप.

पहिला आक्षेप: मोजलं काय?

व्होगेलचं मुख्य चल आहे नियमाची पातळी. नियम कडक झाला की सैल झाला? पण तपासणी यंत्रणेचं रोजचं काम नियमाच्या पातळीवर चालत नाही. ते चालतं एका अगदी साध्या माहितीवर: माल कधी आणि कुठे येणार?

सीमेवर उभं असताना हा प्रश्नच नव्हता. ट्रक आपणहून समोर येत होता. सीमा गेल्यावर तोच ट्रक थेट एखाद्या शीतगृहाच्या दारात जातो. अधिकाऱ्याला नमुना घ्यायचा हक्क आहे, पण ट्रक आला हे त्याला कळलं तर ना! नाहीतर बैल गेला आणि झोपा केला.

स्वीडनने यावर उपाय काढला. दुसऱ्या सदस्य देशातून ठरावीक प्राणिजन्य माल आणणाऱ्याने तो येणार असल्याची सूचना आधीच द्यायची. युरोपीय आयोगाने याविरुद्ध खटला भरला, क्रमांक सी-१११/०३. स्वीडनची भूमिका साधारण अशी होती की ही काही तपासणी नाही, तपासणी शक्य व्हावी म्हणून लागणारी माहिती आहे. २० ऑक्टोबर २००५ ला निकाल स्वीडनच्या विरोधात गेला. निर्देशाच्या पाचव्या कलमात वेगळी रचना आधीच होती: माल घेणाऱ्याने नोंदणी करायची, आलेल्या मालाची वही ठेवायची, दाखले किमान सहा महिने जपायचे, आणि यंत्रणेने मागणी केली तर, तपासणीसाठी लागेल तेवढ्यापुरतं, माल आल्याचं कळवायचं. सरसकट आगाऊ सूचनेची सक्ती त्या रचनेत बसत नव्हती.

आता हे व्होगेलच्या तक्त्यात कुठे टाकाल? साल्मोनेलाचा नियम तसूभरही सैल झाला नाही. अतिरिक्त हमी जशीच्या तशी राहिली. त्याच्या मापाने 'पातळी कायम'. पण तो नियम पाळला जातो की नाही हे बघण्याचं एक साधन यंत्रणेच्या हातून गेलं. नियम आणि नियम तपासण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तक पहिली मोजतं आणि वाचक नकळत दुसरीचाही निष्कर्ष काढतो.

लक्षात घ्या, मी 'लेखकाने अंमलबजावणी दुर्लक्षित केली' असं म्हणून थांबले नाही. त्याच्या मापात न मावणारी एक घटना, तारखेसह, समोर ठेवली. तुमच्या टीकेतही एवढं हवं.

दुसरा आक्षेप: दाखला म्हणजे काय?

आकडेमोडीला घाबरू नका, शाळेतलीच आहे. समजा एका मोठ्या खेपेतून ६० नमुने घेतले आणि एकातही साल्मोनेला नाही. दाखला मिळाला. याचा अर्थ खेप स्वच्छ आहे का?

खेपेतले ५ टक्के तुकडे दूषित असतील, तर ६० पैकी एकही दूषित नमुना हाती न लागण्याची शक्यता ०.९५ चा ६० वा घात, म्हणजे जेमतेम ५ टक्के. अशी खेप १०० पैकी ९५ वेळा पकडली जाईल. छान. पण दूषित तुकडे १ टक्का असतील तर? ०.९९ चा ६० वा घात येतो सुमारे ०.५५. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा ती खेप 'नकारात्मक' दाखला घेऊन निघेल, आणि त्यात कोणी लबाडी केलेली नसेल. प्रमाण अर्धा टक्का असेल तर चारपैकी जवळजवळ तीन वेळा सुटेल. चाचणीच्या स्वतःच्या चुका यात धरलेल्याच नाहीत.

थोडक्यात, दाखला खूप घाण खेप अडवतो. किंचित घाण खेप तो अडवू शकत नाही, आणि ते त्याचं कामही नाही. स्वीडनची देशांतर्गत व्यवस्था दाखल्यावर उभी नव्हती. ती कळप, खाद्य, शेत आणि कत्तलखाना अशा साखळीवर उभी होती, शेवटची चाचणी हा तिचा फक्त एक दुवा. हमीने त्यातला तेवढा एकच दुवा निर्यातदारावर लादला. 'कॅलिफोर्निया परिणाम' खरा व्हायचा तर डच किंवा जर्मन उत्पादकाने स्वीडनसाठी आपली पूर्ण साखळी बदलायला हवी होती. १९९५ मध्ये स्वीडनची लोकसंख्या ९० लाखांच्याही आत होती. एवढ्या गिऱ्हाइकासाठी कोण घर पाडून बांधेल? स्वीडनला जाणारी खेप वेगळी काढायची, तपासायची, नकारात्मक आली तर उत्तरेला आणि नाही आली तर दुसरीकडे, हा मार्ग स्वस्त पडतो. सगळ्यांनी हेच केलं असा माझा दावा नाही. पण नियमाने हा मार्ग मोकळा ठेवला होता, आणि त्या मार्गाने बाकी बाजाराची पातळी वर जात नाही.

तिसरा आक्षेप: घट कशामुळे?

२ लाखांवरून ९० हजार. मोहात पाडणारा आकडा आहे. पण सुरुवात २००४ पासूनच का? ब्रिटनमध्ये अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लसीकरण १९९० च्या दशकात वाढलं, १९९८ मध्ये अंड्यांवरच्या 'सिंह' शिक्क्याच्या योजनेने त्याला जोर दिला, आणि तिथली रुग्णसंख्या २००३ चा युरोपीय नियम येण्याआधीच उतरायला लागली होती. डेन्मार्कने डुकरांमधल्या साल्मोनेलावर १९९० च्या दशकातच स्वतःचा कार्यक्रम उभारला. म्हणजे घट अंशतः आधीच सुरू होती, आणि कारणं देशोदेशी वेगळी होती. नंतरच्या नियमाने काहीच केलं नाही असं नाही, पण सगळं श्रेय त्याच्या पदरात टाकता येत नाही.

आणखी एक खोच. स्वीडनमध्ये नोंदवल्या जाणाऱ्या साल्मोनेलाच्या रुग्णांपैकी बहुसंख्य परदेश प्रवासात संसर्ग झालेले असतात. नुसता एकूण आकडा घेतलात तर तुम्ही उप्सालातल्या तपासणीचं काम मोजत नाही, स्वीडिश लोकांच्या सुट्ट्या मोजता! शिवाय प्रत्येक देशाची नोंदणी वेगळी. जो देश कसून शोधतो त्याचा आकडा फुगतो, आणि जो शोधतच नाही तो निरोगी दिसतो.

आणि आता माझी फजिती

हे तिन्ही आक्षेप लिहून मी मोठ्या ऐटीत माझं तिसरं प्रकरण मार्गदर्शकांना दिलं. त्यात माझा पर्यायी दावा असा होता: १९९५ नंतर सदस्य देशांच्या मालाची सीमेवरची नमुना तपासणी संपली, म्हणून स्वीडनची अन्न तपासणी कमकुवत झाली.

प्रकरण आठ दिवसांनी परत आलं. समासात पेन्सिलने एकच ओळ: "तपासणी घटली की तपासणीची जागा बदलली?"

मी सरांकडे गेले आणि वाद घातला. सर शांतपणे म्हणाले, "व्होगेलने नियम मोजला आणि त्याला यंत्रणा समजला. तू सीमेवरचे नमुने मोजलेस आणि त्यांना यंत्रणा समजलीस. फरक काय?"

फरक काहीच नव्हता. सीमेवरचे नमुने गेले हे खरं. पण त्या जागी दुसऱ्या देशातल्या कत्तलखान्यातली चाचणी आली, माल पहिल्यांदा उतरवून घेणाऱ्याची वही आली, स्थानिक नगरपालिकांच्या निरीक्षकाची भेट आली (स्वीडनमध्ये अन्न तपासणीचं बरंच काम नगरपालिकांकडे आहे), सदस्य देशांना एकमेकांना तातडीने सावध करणारी सूचना व्यवस्था आली. यातलं मी काहीच मोजलं नव्हतं. जिथे दिवा होता तिथेच हरवलेली किल्ली शोधत बसले होते. सीमेवरचे आकडे सहज मिळत होते, म्हणून तेच माझं चल झालं.

प्रकरण रद्द झालं. सात महिन्यांचं काम होतं. आरआरसीपुढे मुदतवाढ मागावी लागली आणि त्या सहा महिन्यांची फेलोशिप नव्हती. हे सांगते कारण 'चुकीचं चल निवडणं' हा प्रकार पुस्तकात वाचताना फार पुस्तकी वाटतो. प्रत्यक्षात त्याची किंमत घरभाड्यात मोजावी लागते.

मग आता दावा काय?

सुधारलेला दावा लहान आहे. एकल बाजारात गेल्यावर तपासणी यंत्रणा बळकट झाली की दुबळी, हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. तिच्या कामाचं स्वरूप बदललं: माल बघणं कमी झालं, आणि दुसऱ्याने माल बघितला होता का हे बघणं वाढलं. त्यामुळे तिची ताकद दोन गोष्टींवर ठरते. माल येतोय हे तिला वेळेत कळतं का? आणि पाठवणाऱ्या देशाच्या दाखल्यामागे काय आहे हे तिला तपासता येतं का? नियमाच्या पातळीवरून या दोन्हींचं उत्तर मिळत नाही. सीमेवरच्या आकड्यांवरूनही नाही.

हा दावा खोटा कसा ठरेल, हेही सांगायला हवं. स्वीडिश यंत्रणेने निर्देशातली 'मागणी केल्यास कळवा' ही तरतूद भरपूर वापरली आणि तिला आधीइतकीच माहिती मिळत राहिली, असं नोंदींमधून दिसलं, तर माझा पहिला आक्षेप बराच हलका होतो. म्हणून आता मी त्या नोंदींच्या मागे आहे.

व्होगेलचं पुस्तक टाकाऊ आहे असं मात्र अजिबात समजू नका. तळाकडे धाव अटळ नाही, हे त्याने दाखवलं, आणि ते टिकून आहे. स्वीडनला हमी मिळाली हीच त्याची साक्ष. टीकेने पुस्तक मरत नाही. ते कुठपर्यंत चालतं आणि कुठे थांबतं, ती रेघ स्पष्ट होते.

हा विषय आपल्यापासून फार लांबचा वाटत असेल तर नाशिकची द्राक्षं आठवा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली आणि बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. रॉटरडॅमला उतरलेली पेटी तिथे पास झाली की पुढे स्टॉकहोमपर्यंत तिला सीमेवर कोणी अडवत नाही. म्हणजे त्या एका बंदरातल्या तपासणीवर स्वीडनच्या ग्राहकाचाही भरवसा, आणि निफाडच्या बागायतदाराचं वर्षही. कोण तपासतं, कुठे तपासतं आणि त्याला काय माहीत असतं, हे प्रश्न म्हणूनच नुसते प्रबंधापुरते नाहीत.

आता तुमचं काम. तुमच्या आढाव्यातलं सर्वांत लाडकं पुस्तक किंवा पेपर घ्या आणि एका कागदावर चार ओळी लिहा. लेखकाचा दावा काय? त्याने प्रत्यक्षात मोजलं काय? या दोन्हींच्या मधल्या फटीत बसणारी एखादी खरी घटना तुमच्याकडे आहे का? आणि चौथी ओळ, जी मी लिहायला विसरले होते: हेच तीन प्रश्न तुमच्या स्वतःच्या प्रकरणाला विचारले तर काय उत्तर येतं?

चौथी ओळ मार्गदर्शकांच्या पेन्सिलीआधी तुमच्या पेनाने लिहिली गेली, तर निदान मुदतवाढीचा अर्ज वाचेल.